आप्पासाहेबांसाठी टाळ्या

फोन उचलला की पहिल्या तीन शब्दांत तनुजाला कळायचं, समोरचा शहाणा आहे की नुसताच शिकलेला. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये हेडफोन लावून बसायला लागून तिला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांतले शहाणे तिनं बोटांवर मोजले असते तरी एक हात मोकळाच राहिला असता.

"मॅडम, ॲक्चुअली काय झालं..." समोरचा म्हणाला. शिकलेला निघाला.

तो केयूर, जलधारा रेसिडेन्सीचा सेक्रेटरी. हर्सूलच्या पुढं, जिथं दहा वर्षांपूर्वी बाजरी उभी असायची, तिथं आता जलधाराच्या दोन विंग उभ्या होत्या. नावात धारा होती, नळात नव्हती. त्या वर्षी हर्सूलचा तलावही तळाला गेला होता, आणि जलधाराची सुशिक्षित मंडळी रोज सकाळी टँकरच्या पाइपाभोवती जमून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

काय झालं हे सांगायला केयूरनं टँकरपासून सुरुवात केली. पाइप आधी ए विंगच्या टाकीत सोडायचा की बी विंगच्या, यावर गेल्या सभेत ठराव झाला होता, पण बी विंगवाल्यांनी...

"माणूस शुद्धीवर आहे का?" तनुजानं त्याला मध्येच तोडलं.

"नाही. आमचे चेअरमन आहेत, आप्पासाहेब, सदुसष्ट वर्षांचे. भांडता भांडता छाती धरली आणि कोसळले. पण श्वास चालू आहे हं, मधूनमधून घोरतायत. आम्ही कांदा हुंगवला. चप्पलसुद्धा हुंगवली."

"हुंगणार कशानं? श्वास बंद पडलाय त्यांचा. ते घोरणं नाही, आचके आहेत. गाडी निघालीय, पण तुमच्याकडचा रस्ता खोदून ठेवलाय, पंधरा मिनिटं लागतील. तोवर छाती दाबायची, नाहीतर माणूस गेला. मी सांगते तसं करा. फोन स्पीकरवर टाका."

स्पीकर लागला तशी अख्खी सोसायटी तिच्या कानात शिरली. तोंडावर पाणी मारा, एक जण ओरडत होता. टँकर बी विंगचा आहे, आधी विचारून घ्या, दुसरा सांगत होता. माणूस मरायला टेकलाय आणि यांच्या विंगा सुटत नाहीत.

"त्यांना फरशीवर उताणं झोपवा. दाबणार कोण?"

कारणं आली. एकाच्या मणक्यात गॅप होती. एकाची आंघोळ झाली होती, तीही चार दिवसांनी. एक जण व्हिडिओ काढत होता, त्याचे हात रिकामे नव्हते. केयूर म्हणाला, "मॅडम, मी फोन धरलाय ना."

"बन्सीभाऊ दाबतील," मागून कुणीतरी सुचवलं. "शेतातला गडी आहे, ताकद आहे."

ज्या बाजरीच्या रानावर या विंगा उभ्या होत्या ते रान बन्सीचं. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं त्याला बी विंगमध्ये दोन फ्लॅट दिले होते. आप्पासाहेबांशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. बोलणं नव्हतं म्हणजे फक्त शिव्या चालू होत्या.

"मी?" बन्सीचा आवाज आला. "मॅडम, आत्ता समद्यांसमोर ह्यांची कॉलर धरली व्हती म्या. आता हात लावला अन् हे गेले, तर हीच मंडळी म्हनतील, बन्सीनं छातीवर बसून जीव घेतला. व्हिडिओ बी हाय त्यांच्याकडं. नाय जमायचं."

माणूस खरं बोलत होता. ही मंडळी नक्की तसंच म्हणाली असती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तनुजा. कन्नड तालुक्यातली. हा फोन रेकॉर्ड होतोय. मी सांगितलं म्हणून तुम्ही दाबताय. काही बरंवाईट झालं तर माझं नाव सांगा."

तरी तो हलेना. मग एका बाईचा आवाज आला, थरथरता पण स्पष्ट. आप्पासाहेबांची बायको, यमुनाबाई. "बन्सीभाऊ, या लोकांचं काय ऐकताय? माझा माणूस चाललाय. दाबा."

बन्सी गुडघ्यावर बसला.

"छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा. कोपरं ताठ. सगळा भार टाकून दोन इंच आत, आणि पुन्हा वर येऊ द्या. मोजा मोठ्यानं."

"एऽक... दोऽन..."

"भाऊ, हापसा नाही मारायचा! भरभर. सेकंदाला दोन."

दहा दाबले की त्याचा वेग पुन्हा ढिला पडायचा. इकडं बाकीच्यांची सल्ल्यांची जत्रा भरलेली. तनुजाच्या डोक्यात तिडीक गेली.

"ए, तुम्ही सगळे! दाबता येत नाही ना? टाळ्या येतात? आरती संपताना जोरात वाजवता तशा वाजवा. भाऊ, प्रत्येक टाळीला एक."

आणि काय सांगावं, या कामाला मात्र एकही मागं हटला नाही. मणक्यातली गॅप टाळ्यांच्या आड आली नाही. पन्नास माणसं रंगात येऊन टाळ्या पिटू लागली, आणि बन्सी त्या तालावर दाबू लागला. तिसऱ्या मिनिटाला कट्‌कन आवाज झाला. टाळ्या थांबल्या.

"बरगडी मोडली! मारलं त्यानं!"

"मोडू द्या!" तनुजा ओरडली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना तिच्याकडं वळल्या. "बरगडी जुळते, मेलेला माणूस परत येत नाही. भाऊ, थांबू नका. टाळ्या वाजवा रे!"

नाव देऊन बसली होती ती, आणि पलीकडं एक घाबरलेला माणूस त्या नावाच्या भरवशावर दाबत होता. कुणीतरी बदली या, बदली या, असं ती सांगत राहिली. कुणी आलं नाही. बन्सीची धाप तिला ऐकू येत होती, तरी तो थांबला नाही.

सतराव्या मिनिटाला सायरन वाजला. गाडीतल्या डॉक्टरनं काहीतरी ओरडून सगळ्यांना बाजूला केलं, आणि केयूरनं एक शब्द न बोलता फोन ठेवला. पुढचा फोन वाजतच होता. तिनं तो घेतला.

अकरा दिवसांनी दुपारी तिच्या हेडफोनमध्ये एक म्हातारा आवाज कडाडला.

"तनुजा कोण तिथं? मी आप्पासाहेब, जलधारा रेसिडेन्सी. तक्रार नोंदवायचीय!"

तनुजानं नोंदीसाठी कीबोर्ड पुढं ओढला.

"तीन बरगड्या मोडल्यात माझ्या. अन् गावभर व्हिडिओ फिरतोय! मी खाली पडलोय, तो बन्सी माझ्या छातीवर चढलाय, अन् अख्खी सोसायटी ताल धरून टाळ्या पिटतीये! नातेवाइकांचे फोन येतायत, काय झालं म्हणून. सगळे म्हणतात, मॅडमनं सांगितलं. लाज वाटली नाही तुम्हाला?" त्यांना खोकला आला, बरगड्या दुखून ते कळवळले, आणि पुन्हा दुप्पट जोरानं सुरू झाले.

सुपरवायझर पुंडलिकरावांनी लांबूनच खूण केली, कट कर, लाइन अडकतीये. एरवी तिनं कट केलाच असता. पण या नऊ वर्षांत तिच्या आवाजावर शेकडो छात्या दाबल्या गेल्या होत्या, आणि त्यातलं कोण वाचलं, कोण गेलं, हे तिला कधीच कळलं नव्हतं. फोन ठेवला की माणूस संपला. वाचलेल्यांपैकी आजवर एकानंही फोन केला नव्हता. हा पहिला, आणि तो शिव्या द्यायला आला होता.

"बोला आप्पासाहेब," ती म्हणाली. डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. "अजून काय तक्रार आहे? सगळी सांगा."

आप्पासाहेबांना तेवढंच हवं होतं. ते बन्सीवर घसरले, केयूरवर घसरले, टँकरवर घसरले. तनुजानं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर घट्ट धरला आणि एकेक शब्द ऐकत राहिली, मधल्या प्रत्येक श्वासासकट.