ऑफिसातलं हळदीकुंकू

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आमच्या सीएच्या ऑफिसात बायकांचं हळदीकुंकू असतं. नवरा गेल्यापासून त्या दिवशी फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. "पद्मजा, तुझ्यासारखा फोटो कुणाला जमत नाही गं," असं मंदाकिनीताई म्हणतात. त्या आमच्यात सगळ्यांत जुन्या. मी काढलेल्या फोटोंत निम्म्या जणींचे डोळे मिटलेले असतात, तो भाग वेगळा.

विश्रांतवाडीच्या घरी मी एकटीच राहते. माणसांशी बोलणं होतं ते ऑफिसातच. या बायकांमध्ये आपलीही जागा असावी, एवढंच मला हवं होतं. माझं वाण आणि तिळगूळ दरवर्षी गुपचूप टेबलावर ठेवलेलं असायचं. मला वाटायचं, किती जपतात मला.

यंदा ऑफिसात नव्याने नोकरीला लागलेल्या कादंबरीने सहज विचारलं, "ताई, तुम्ही एकाही फोटोत कशा नाही?" सगळ्यांनी ऐकलं आणि एकदम वाणांची मांडामांड सुरू केली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाण टेबलावर ठेवलं की माझ्या कपाळाला कुंकू लावावं लागत नाही.

मी मोबाइल कादंबरीच्या हातात दिला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. मंदाकिनीताई घुटमळल्या. तुला वाईट वाटेल म्हणून बोलावत नव्हतो, म्हणाल्या. न बोलावल्याचंच वाटतं, असं मी सांगितलं. मग त्यांनी मला हळदीकुंकू लावलं. दोघीतिघींनी टाळ्याही वाजवल्या, जसा काही त्यांनी समाजच सुधारला.

रीत अशी की जिला लावलं, तिनेही उलट लावायचं. मी करंड्यात बोट बुडवून हात पुढे केला. त्यांची मान मागे गेली. अगदी जराशी, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल.

"मंदाकिनीताई, तुम्ही मान मागे घेतलीत," मी म्हटलं. "मला ते लागलं."

त्यांचे डोळे भरून आले. आपल्या मनात तसलं काहीच नाही, हे त्या रडत रडत सांगू लागल्या. रांगेतली ऋचा त्यांच्यासाठी पाणी आणायला धावली. कुणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागलं. सणासुदीला हे कशाला काढायचं, असं कुणीतरी पुटपुटलं. कुंकवाचं बोट तसंच धरून मी उभी होते. खोलीभर बायका होत्या आणि मला घरच्यापेक्षाही एकटं वाटत होतं.

घसा माझाही कोरडा पडला होता. थोडा वेळ वाट बघितली. मग मी बोट पुसलं आणि माझी मीच जाऊन पाणी प्यायले.