माझे आठ पाय

चर्रर्र…

फोडणी बसावी तसा तो आवाज अजून माझ्या पायांत आहे. धुळाजीने तापलेल्या कथलाचा पहिला डाग मला दिला, तेव्हाचा.

मी एक काळा, चपटा तुकडा. लोक एफपीजीए चिप म्हणतात. चारी बाजूंना बारीक पाय. कुठल्या पायाने काय करायचं, हे जन्मताना ठरलेलं नसतं. कॉम्प्युटरवर बसून कुणीतरी ते ठरवतं.

बाहेरदेशचा माल पुण्यात सहज मिळू लागला, तेव्हा सिद्धाराम वाण्याच्या रोहिणीने मला शिक्षणासाठी घेतलं. शिक्षण संपलं आणि मी तिच्यासोबत तिच्या गावी, धर्मापुरीला आलो.

गावात नळाचं पाणी आठ गल्ल्यांना पाळीपाळीने सुटायचं. बायका घागरी घेऊन ताटकळायच्या. ज्या गल्लीला पाणी, तिच्या कोपऱ्यावर दिवा लागावा, असं रोहिणीने ठरवलं. माझ्या आठ पायांवर तिने पांढरे ठिपके ठेवले आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या धुळाजीला म्हणाली, "मामा, ह्या पहिल्या ठिपक्यापासून गल्लीवार एकेक वायर लावत फिरत जा."

म्हाताऱ्याला दिसायचं कमी. भिंग धरून, श्वास रोखून त्याने मला डाग दिले. एकही पाय दुखावला नाही.

पाणी सुटलं. पहिल्या गल्लीचा दिवा बरोबर लागला. दुसरीला पाणी सोडलं, तर दिवा शेवटच्या गल्लीत. तिथली बायनाबाई रिकामी घागर घेऊनच आली.

"लई शहाणं यंत्र हाय, धुळाजी. दिवा आमाला, पाणी त्यान्ला. उजेड भरून नेऊ का घागरीत?"

रोहिणीने मला निरखलं. "मामा, तुमी कोणीकडून फिरलात?"

"मारुतीला फिरतो तसा. उजव्या हाताला ठेवून."

चिपचे पाय उलट्या दिशेने मोजतात. रोहिणीच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगायचंच राहिलं होतं.

धुळाजी खाली बसला. "आता समदे डाग सोडवायचे? पाय तुटतील ह्याचे. माझ्या हातून पुन्हा व्हायचं न्हाई, माय."

मी गार पडलो. पाय तुटला की माझ्यासारख्याची जागा भंगारात.

"एकबी वायर काढायची न्हाई, मामा. चूक माझी हाय."

तिने कॉम्प्युटर उघडला. पडद्यावर एकीकडे गल्ल्यांची नावं, समोर माझ्या पायांचे नंबर. तिने जुने नंबर खोडले, धुळाजीची वायर जिथे होती तिथले घातले. बराच वेळ कॉम्प्युटर घुरघुरला, मग केबलमधून ते नवं सांगणं माझ्या पोटात उतरलं. ना आच, ना चटका. पाय जिथल्या तिथे, नुसती कामं बदलली.

पुन्हा पाणी सोडलं. दुसऱ्या गल्लीचा दिवा दुसऱ्या गल्लीत लागला.

आता नवी टाकी झाली, सगळ्या गल्ल्यांना एकदमच पाणी येतं, दिवे गेले. मी रोहिणीच्या कपाटात आहे, आठही डाग अंगावर घेऊन. कधी मला बाहेर काढलंत, तर तेवढे पुसू नका.

त्या दिवशी आठही दिवे बरोबर लागेपर्यंत धुळाजी उभा होता. मग त्याने उपरण्याच्या टोकाने माझ्या पाठीवरची धूळ टिपली, पिशवी खांद्याला लावली, आणि निघून गेला.