खोट्या पास्त्याची चाळणी

मी चाळणी बोलतेय. स्टीलची, तीन पायांची, अंगभर भोकं असलेली. माझ्याकडे कोणी निरखून बघत नाही, कारण माझ्यात राहतं ते ताटात जातं आणि राहत नाही ते सिंकमध्ये. पण मला बोलायचंय. मनात साठवून ठेवायची सोयच माझ्या घडणीत नाही.

पत्र्याच्या कारखान्यात एका दणक्यात मला ही सगळी भोकं पडली. मग दुकानात टांगून राहिले. एके दिवशी एका बाईने मला उतरवलं, उजेडापुढे धरलं आणि म्हणाली, "हिच्यातून पास्ता निसटायचा नाही." ती आई. घरीच शिवणकाम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. तिला सगळे खारू म्हणत, कारण काहीही हातात आलं की दोन्ही हातांनी धरून कुरतडायची.

खारूचा सगळा जीव पास्त्यात. खरा पास्ता माझ्यात पडला की मला लगेच कळायचं. गरम, जडसर, एकमेकांना किंचित चिकटलेला. पाणी निघून गेलं तरी अंगावर थोडी खळ ठेवायचा, आणि त्या खळीलाच सॉस धरून राहायचा. चव मला नाही कळत. पण खारू सांगायची, "चावला की तो आधी 'नाही' म्हणतो, मग 'बरं' म्हणतो."

मग तिला फिट्स यायला लागल्या. आधी नुसती चमचा हातात धरून बघत राहायची. पुढे उभ्याउभ्या कोसळायला लागली. दोन औषधं झाली, गुण नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, एक आहार आहे. लोणी, साय, चीज, तेल भरपूर. गहू, तांदूळ, बटाटा, साखर जवळपास बंद. काही मुलांना लागू पडतो. पण पाळायचा तर काटेकोर.

आहारतज्ज्ञ बाईंनी आईला बजावलं होतं, "बाहेरचा एक घास नको, आणि ताटातला एक घास टाकायचा नाही." आईने विचारलं, "आणि पास्ता?" बाई म्हणाल्या, "बदली प्रकार मिळतात की. मुलांना कळतसुद्धा नाही."

मुलांना कळत नाही! मला तर पहिल्याच दिवशी कळलं.

पहिली आली झुकिनी, काकडीसारखी दिसणारी परदेशी भाजी. लांब लांब दोऱ्यांसारखी कापलेली. आईने मीठ लावलं, माझ्यात घालून दाबली, पिळली, तरी तिचं पाणी काही थांबेना. ताटात सॉसचं वरण झालं. मग आली कोबीची पट्टी. कचकच वाजायची आणि घरभर कोबीचा वास. मग अंड्याची पातळ धिरडी करून त्यांच्या शेवया कापल्या. खारू म्हणाली, "हे आमलेट आहे. मला उल्लू बनवू नका."

शेवटी आल्या कोंजॅकच्या शेवया. एका कंदाच्या पिठाच्या, पारदर्शक, पाण्यात बुडवून पिशवीत बंद केलेल्या. पिशवी फोडली आणि बाबा दोन पावलं मागे सरकले. शिळ्या माशाचा वास! आईने त्या नळाखाली धरल्या, धुतल्या, परत धुतल्या, कोरड्या तव्यावर परतल्या. वास गेला, पण गुण नाही गेला. माझ्या अंगावरून सुळकन सरकायच्या, कशाला म्हणून चिकटायच्या नाहीत. साय घातली तर साय खाली, शेवया वर. दाताखाली करकर वाजायच्या.

आईने घरात नियम केला, कुणी नाक मुरडायचं नाही. स्वतः पहिला घास घेऊन म्हणायची, "वा! अगदी पास्ताच!" बाबा मान डोलवायचे. खारू दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि घास गालात धरून बसायची. ताटातलं लोणी थिजून जायचं. आई पुन्हा गरम करायची. पुन्हा थिजायचं. मग आई माझ्यापाशी येऊन उभी राहायची आणि नळ मोठा सोडायची, म्हणजे तिचं रडणं बाहेर ऐकू जाऊ नये.

आणि तरी, कसंबसं पोटात जात होतं तेवढ्याने फरक पडत होता! फिट्स विरळ झाल्या. एक अख्खा आठवडा कोरडा गेला. आई चालताना गुणगुणायला लागली.

त्याच रविवारी आई कपडे द्यायला बाहेर गेली. खारू टेबलावर डोकं टेकून म्हणाली, "बाबा, एकदाच. खराखुरा."

बाबांनी वरच्या फळीवर मागे लपवलेलं पाकीट काढलं. पाणी उकळलं. कितीतरी दिवसांनी माझ्यात तो जड, गरम, ओळखीचा भार पडला. खारूने दोन्ही हातांनी वाटी धरली आणि तळ दिसेपर्यंत मान वर केली नाही. बाबा बघत होते आणि रडत होते. मग घाईघाईने मला विसळून त्यांनी जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी खारू पडली. ओठ फाटला. संध्याकाळी पुन्हा पडली.

आईने शेवया धुवायला मला घेतलं आणि तिचं बोट थांबलं. माझ्या भोकांत पांढरी खळ वाळली होती.

"हे काय आहे?"

बाबांनी वरच्या फळीकडे बघितलं.

"मी विचारतेय, हे काय आहे?"

"तिचं तोंड बघवेना गं मला."

"मग तिला पडताना बघ! आता बघ!" आईने मला भिंतीवर भिरकावलं. माझा एक पाय तेव्हाच वाकला. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण दारात खारू उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर तिने खाणंच सोडलं. खोटं नाही, खरं नाही, काहीच नाही. ओठ घट्ट मिटून म्हणायची, "मी खाल्लं की मी पडते." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. आई शिवणयंत्रापुढे बसून राहायची; पायाखालचं पेडल हलायचं नाही.

एका रात्री जेवणाला बाबांनी स्वतः शेवया धुतल्या. तिघांसाठी वाढल्या. खारूसमोर बसून म्हणाले, "तू खाल्लंस म्हणून नाही पडलीस. मी चुकीचं दिलं म्हणून पडलीस. चूक माझी. तुझी नाही." आणि त्यांनी मोठा घास घेतला.

चावला. चावतच राहिले. गिळता येईना. आई डोळे वटारून बघत होती. बाबांनी कसाबसा तो पोटात ढकलला आणि म्हणाले, "काय घाण लागतं गं हे!"

खारूने मान वर केली. मग खारू हळूच म्हणाली, "हो ना? रबर."

"रबर परवडलं. हे म्हणजे माझ्या लिफ्टचं वॉशर आहे."

"आई, तुला पण घाण लागतं?"

आईने ताटाकडे बघितलं. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. "मला वाटलं, मी छान म्हटलं तर तुला छान लागेल."

खारूने एक शेवई उचलली, नाकापुढे धरून तिला शिवी दिली, आणि खाल्ली. मग दुसरी. प्रत्येकीला नवी शिवी. शिव्या संपल्यावर बाबांनी उसन्या दिल्या. लोणी थिजायच्या आत ताट रिकामं झालं.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. फिट येते अजून, कधीतरी. आली की आई पुन्हा नळ मोठा सोडते. डॉक्टर म्हणतात, अजून बराच काळ हे पाळायचंय, आणि तेवढा काळ ही पोर निभावेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. मी तीन पायांपैकी दोनांवर उभी असते, कललेली, आणि रोज तो सुळसुळता भार झेलते.

तुमच्याही घरी कुणाला हे खाणं जिवासाठी गिळावं लागत असेल, तर हात जोडते, म्हणजे असते तर जोडले असते: त्या खाण्याला पास्ता म्हणू नका. खाणाऱ्यासमोर बसा, तेच खा, आणि तोंड वाकडं होत असेल तर होऊ द्या.

आत्ता नळ चालू आहे. माझ्यात शेवया पडल्यात, आई त्या धुतेय. बाहेरच्या खोलीतून हाक येतेय,

"आई, आज कुठलं घाण आहे? मला भूक लागलीये."