दोन्ही पेल्यांत मीच

मी एक बाटली बोलतेय. सध्या पोटात दारू नाही, म्हणून शुद्धीवर राहून बोलेन.

माझ्या पोटात बर्बन होती, म्हणजे मक्याची व्हिस्की. तिची जन्मकथा तिनेच मला सांगितली. एकत्र कोंडल्यावर आम्हा दोघींना दुसरं काम तरी काय होतं? आतून जाळून काळ्या केलेल्या, ओकच्या लाकडाच्या पिपात ती काही वर्षं पडून होती. बाहेर काढलं तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. तर तिला उचलून दुसऱ्या पिपात घातलं. हेही ओकचंच, पण जाळलेलं नाही. मंद आचेवर नुसतं शेकलेलं, पाव शेकतात तसं. त्यात थोडे महिने राहून ती जरा गोड बोलायला शिकली. शाळा संपलेल्या मुलीला पुन्हा शिकवणी लावावी, तसला प्रकार.

दुकानात माझ्या शेजारी उभी असलेली बाटली दुसऱ्या कंपनीची होती. पण तीही शेकलेल्या ओकमधून आलेली आणि भाव माझ्याएवढाच. तिच्या मानेवर लाल लाखेचा जाड थर होता. माझ्या डोक्यावर साधं बूच.

भाव सारखा होता, हेच पुढच्या भानगडीचं मूळ. एकीची किंमत जास्त असती तर माणसांनी तिलाच चांगली म्हटलं असतं आणि सगळे मुकाट्याने जेवायला बसले असते.

मला घेतलं एका भूगोलाच्या मास्तरांनी. लाखवालीला घेतलं त्यांच्या थोरल्या साडूंनी. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दोघांच्या सासूबाई एकट्याच राहायच्या. पूर्वी लोकांचे कपडे शिवत, आता नजर साथ देत नव्हती. महिन्यातून एका रविवारी दोन्ही लेकी आणि जावई दुपारच्या जेवणाला यायचे. त्या रविवारच्या आशेवर बाईंचा बाकीचा महिना सरायचा.

थोरल्यांना एक खोड होती. मास्तरांनी काहीही विकत घेतलं की ते हातात धरून उलटंपालटं करायचे आणि म्हणायचे, “घेण्याआधी मला विचारायचं होतंत.” पंखा घेतला तेव्हा म्हणाले. मांजर पाळलं तेव्हाही म्हणाले. मास्तरांच्या लग्नातही म्हणाले असते, पण मुलगी घरचीच निघाली.

त्या रविवारी निघताना मास्तर मला वर्तमानपत्रात गुंडाळत होते. बायकोला म्हणाले, “आज शेवटचं बघतो. पुन्हा चेष्टा झाली तर मी त्या घरी पाऊल टाकणार नाही. तू जा खुशाल.”

“एकटी जाऊन आईला काय सांगू? यांना रागाची सर्दी झालीय म्हणून?”

मास्तर हसले नाहीत. माझ्याभोवतीचा कागद मात्र जरा घट्ट झाला.

सासूबाईंच्या घरी थोरल्यांनी मला पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “ही आणलीत? अहो, याच भावात ही लाखवाली येते. होऊन जाऊ द्या, साडूभाऊ. आई, तुम्ही आत जाऊन दोन पेले भरा. कुठल्या पेल्यात कुठली, ते आम्हाला सांगू नका.”

आम्हा दोघींना घेऊन सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग धाकटी लेक आली आणि आईच्या कानात सगळं सांगून गेली. आता एकाची हार झाली की घरातली एक खुर्ची रिकामी होणार, एवढं बाईंना कळलं.

त्यांनी एका पेल्याला लाल धागा बांधला, दुसऱ्याला निळा. लाखवालीची मान पिळून पाहिली. बोटांत तेवढा जोर नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझं बूच लगेच निघालं. त्यांनी मलाच दोन्ही पेल्यांत ओतलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, “सारखंच दिलं की सारखंच म्हणतील. मिटलं.”

बाईंनी उभ्या जन्मात दारू चाखली नव्हती, म्हणून त्यांना असं वाटलं.

थोरल्यांनी लाल धाग्याचा पेला नाकाखाली धरला, डोळे मिटले. “वा. आधी व्हॅनिला. मग भाजलेला बदाम. आणि मागून तो ओकचा शेक येतो, चपला दाराबाहेर काढून, हळूच. ही माझी.” मग निळा उचलला. “आणि ही म्हणजे नुसता भुसा. सुताराच्या दुकानात जांभई दिल्यासारखं वाटतं.”

दोन्ही पेल्यांत मीच. एका टेबलावर, एकाच तोंडून माझा सत्कारही झाला आणि पाणउताराही. कुठे बघून लाजावं आणि कुठे बघून रडावं, मला कळेना.

मास्तरांनी दोन्ही पेले दोनदा चाखले. “मला दोन्ही सारख्याच लागतात.”

“त्याला जीभ लागते, साडूभाऊ. म्हणून म्हणतो, घेण्याआधी मला विचारायचं होतंत.”

मास्तरांनी पेला खाली ठेवला. “बरंय. निघतो मी.” ते दाराशी जाऊन बूट घालू लागले. धाकटी हातात ताटं घेऊन तशीच उभी राहिली.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. खरं सांगावं तर थोरल्यांची शोभा होणार. गप्प राहावं तर मास्तर जाणार. त्या आत गेल्या, लाखवालीला घेऊन आल्या आणि तिला थोरल्यांच्या पुढ्यात ठेवलं.

“जावईबापू, हिची लाख काही मला निघेना हो. तेवढी काढून देता?”

थोरल्यांनी लाखेवरून बोट फिरवलं. कुठे चरा नाही. त्यांचे कान त्या लाखेच्या रंगाचे झाले. त्यांची बायको तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलत होते.

आता मास्तरांना काहीही बोलता आलं असतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. ते एका पायात बूट घालून तसेच परत आले आणि खुर्चीत बसले. “काढा लाख, भाऊ. खरी तुलना अजून व्हायचीय.”

थोरल्यांनी मुकाट्याने लाख फोडली. मास्तरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला. “ही खरंच बरी आहे. माझ्या बाटलीपेक्षा मऊ.”

ज्यांनी मला घेतलं, त्यांनीच मला भरल्या घरात हरवलं. पण खोटं नाही सांगत, मला वाईट वाटलं नाही.

“तुमचीही चांगलीच आहे,” थोरले पुटपुटले. “लाल धाग्याला मी म्हटलंच होतं.”

“आणि निळ्याला?” त्यांच्या बायकोने विचारलं.

“निळ्याचं जेवल्यावर बघू.” मग पेल्याकडेच बघत ते मास्तरांना म्हणाले, “पुढच्या वेळी घ्यायला दोघं मिळून जाऊ.”

ताटं वाढली गेली. मास्तर एक बूट घालूनच जेवले.

आता मी सासूबाईंच्या टेबलावर असते. माझ्या पोटात प्यायचं पाणी असतं, गळ्यात लाल आणि निळा धागा. रविवारी सगळी खुर्च्यांवर दाटीने बसतात. बाईंनी मला साबणाने कितीदा धुतलं असेल, तरी परवा थोरले पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “आई, मागून अजून ओकचा शेक येतो हो.”

“येत असेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी पाणी वाढलं.

सारख्या भावाच्या दोघीजणी कधी तुमच्याही पुढ्यात येतील. जिला चांगली म्हणायची तिला खुशाल म्हणा, आमची तक्रार नाही. फक्त त्याआधी तिचं झाकण उघडलंय ना, तेवढं बघा.