फुकटातला चोवीस इंची

“मासे नकोत. बातम्या लावा,” ताई म्हणाली.

गळ्यात टाय बांधलेल्या विक्रेत्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोरच्या भिंतीवर चाळीसेक टीव्ही टांगले होते आणि सगळ्यांवर तोच एक निळा मासा एकाच वेळी तोंड उघडत होता, मिटत होता.

“कलर बघा ना मॅडम. मासा आत्ता अंगावर येईल असं वाटतं की नाही?”

“आमच्याकडे मासे बघणारं कोणी नाही. बातम्यांच्या खाली अक्षरं पळतात ना, ती बघायचीत मला.”

“अक्षरं काय, सगळं दिसतं. घरी गेल्यावर लावा की निवांत.”

“आधी इथं दिसू दे.”

टायवाल्यानं ओठ मुडपले आणि रिमोट शोधायला गेला. ताई पाठ न वळवता एकेक पाऊल मागे सरकू लागली. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला ती एका फ्रीजवर आदळली. तिथली मुलगी खुदकन हसली. ताईनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. दादाच्या खाटेपासून समोरच्या भिंतीपर्यंत सात पावलं होतात, हे तिनं सकाळी दोनदा मोजून पाहिलं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एकतीस वर्षं बस चालवली, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, “दिसेल ते मोठ्यानं वाचायला लावा त्यांना. जीभ हलती राहिली पाहिजे.” एका हातानं वर्तमानपत्र धरवेना, आणि बारीक अक्षरं एकमेकांत शिरायची. मग दादानं स्वतःच वाट काढली. टीव्हीवर बातम्यांच्या खाली जी पट्टी पळते, तिच्यातला हाताला लागेल तो शब्द तो पकडायचा. तीनातला एक सापडायचा. “पूर,” दादा ओरडायचा. “दर.” “मंत्री.” शेजारीपाजारी हसायचे, पण सहा महिन्यांत दादा एका शब्दावरून तीन शब्दांवर आला. एकदा चक्क म्हणाला, “ताई, भात करपला.” करपलेला तो भात ताईनं कौतुकानं खाल्ला.

मग तो जुना डबा टीव्ही एका दुपारी जळका वास सोडून मेला. त्याला आता वीस दिवस झाले होते. दादा भिंतीकडे बघत पडून असायचा. कालपासून तो पाण्याला नुसतं ‘पा’ म्हणू लागला होता.

म्हणून आज ताईनं रजा टाकली होती. पिशवीत पाकीट होतं आणि पाकिटात अठरा हजार. दादाचीच ठेव, मुदत संपलेली. “कमी पडेल ते मी घालतो, मी आल्याशिवाय काही ठरवू नकोस,” असं धाकट्या भावानं फोनवर बजावलं होतं.

धाकटा तासभर उशिरा आला. आधी त्याच्या अत्तराचा वास आला, मग तो. विम्याच्या कचेरीत तो आता बऱ्यापैकी साहेब होता. बोटात गाडीची किल्ली गरगर फिरवत त्यानं टायवाल्याच्या खांद्यावर हात टाकला.

“काय ताई, बघितलंस का काही?”

“हा त्रेचाळीस इंची. पण साडेएकवीस म्हणतोय. वरचे साडेतीन तू घातलेस तर...”

“अगं थांब, घाई काय आहे?” धाकट्यानं तिला कोपराला धरून बाजूला घेतलं. “एक भारी स्कीम आहे. हा पंचावन्नचा घेतला की त्यावर चोवीस इंची फुकट. एकदम फुकट! दादाचे अठरा लावायचे, वरचे पंचवीस मी हप्त्यानं भरतो. मोठा मी नेतो, चोवीसचा दादाला. म्हणजे त्याला टीव्ही मिळाला की नाही?”

ताईला आधी हिशेबच लागेना. “दादाच्या पैशांनी तुला टीव्ही?”

“तू ना, शब्दात पकडतेस. मी जास्त भरतोय, बघ ना. आणि एवढ्याशा खोलीत त्रेचाळीस इंची ठेवणार कुठं? डोक्यावर?” तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ, तुलाही मी विसरलेलो नाही. पुढच्या महिन्यात तुला वॉशिंग मशीन. हप्ते माझे. शब्द आहे माझा. रोज दादाच्या चादरी हातानं धुतेस, मला काय दिसत नाही का?”

त्यानं बोट दाखवलं तिकडे ताईनं पाहिलं. पांढरंशुभ्र मशीन होतं. पुढं गोल काच, आत चकचकीत पत्रा.

ताई हॉस्पिटलाच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं होती. ऑपरेशनच्या चादरी, रक्त, पू, ओकारी, माणसाच्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. नव्यानं लागलेल्या बायका पहिल्या आठवड्यात जेवत नसत. ताई त्यांना सांगायची, “धुतल्यावर जाते ती घाण कसली गं? तिची काय किळस करायची?” तिच्या बोटांची कातडी सोड्यानं सोलून निघाली होती, आणि घरी गेल्यावर त्याच बोटांनी रोज दादाची चादर धुवायची. ती त्या गोल काचेकडे बघत राहिली. किती वेळ बघितलं, तिला कळलं नाही. पण पिशवीत हात घालून तिनं पाकीट काढलं आणि काउंटरवर ठेवलं, हे खरं.

धाकट्यानं ते लगेच टायवाल्याकडे सरकवलं.

“छान झालं साहेब,” टायवाला नोटा मोजता मोजता म्हणाला. “परवा तुम्ही टोकन देऊन गेलात आणि तुमच्या घरच्या मॅडमना तो पंचावन्नचा एवढा आवडला होता, म्हटलं आता कॅन्सल होतंय की काय. आज संध्याकाळीच तुमच्याकडे बसवून देतो.”

ताईनं धाकट्याकडे पाहिलं. धाकटा छताकडे.

“परवा आला होतास तू?”

“सहज. आलो होतो असाच.”

“बायकोला घेऊन. टोकन देऊन.”

“ताई, इथं नको.”

तेवढ्यात कुणीतरी फुकटातला चोवीस इंची आणून काउंटरवर ठेवला. अभ्यासाच्या पाटीएवढा. “लावा तो,” ताई म्हणाली. टायवाल्यानं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं मान हलवली, टीव्ही लागला. ताईनं स्वतः सांगून बातम्या लावून घेतल्या आणि पुन्हा मागे चालू लागली. या वेळी तिनं फ्रीजला वळसा घातला. सातव्या पावलाला थांबून तिनं डोळे बारीक केले. तिचे डोळे चांगले होते. पांढऱ्या कापडावरचा पिवळट डाग ती खात्याच्या दारातून ओळखायची. पण त्या पडद्याच्या तळाशी मुंग्यांची रांग चालल्यासारखं काहीतरी हलत होतं, एवढंच तिला दिसलं.

“मलाच वाचता येत नाही. दादा काय वाचणार?”

“वाचायचंय कुणाला?” धाकटा वैतागला. “चित्रं हलली की झालं. त्याला आता काय कळतंय? पाटीएवढा ठेवला काय आणि पंचावन्नचा ठेवला काय, तो आपला ‘आ’ करून बघणार.” आणि त्यानं तोंड वाकडं करून, खालचा ओठ एका बाजूला लोंबकळत सोडून, तो ‘आ’ करून दाखवला.

टायवाला हसला. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसावं लागतं, तसा.

आधी ताईला वाटलं, अत्तराचा वास बाधला. बावीस वर्षांत जी गोष्ट झाली नव्हती ती आता होणार, इथं या आरशासारख्या फरशीवर आपण भडभडून ओकणार, असं वाटून तिनं काउंटरची कड धरली. हाच धाकटा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला दादाचे ड्युटीचे बूट घालून गेला होता, पुढं कागदाचे बोळे कोंबून. त्या दिवशी दादानं चपला घालून बस चालवली आणि दंड भरला. ते सगळं या माणसाच्या त्या वाकड्या केलेल्या तोंडातून तिच्याकडे बघत होतं. आणि आणखी वाईट म्हणजे, घटकाभरापूर्वी त्या गोल काचेत जे तोंड दिसत होतं, ते तिचं स्वतःचं होतं. तिला स्वतःच्या हातांचीही शिसारी आली. पाकीट त्यांनीच काढून दिलं होतं.

“पैसे परत द्या,” ती टायवाल्याला म्हणाली.

“मॅडम, बिल होतंय.”

“झालं नाही ना अजून? द्या.”

“ताई, तमाशा करू नकोस. लोक बघतायत.”

“बघू देत. तुला लोकांची लाज वाटते, एवढं तरी शिल्लक आहे म्हणायचं.” ताईचा आवाज चढला नव्हता, पण फ्रीजजवळची मुलगी हसायची थांबली होती. “दादाचा पैसा आहे तो. तुझ्या भिंतीला लावायला नाही दिला त्यानं.”

“मग घाल तो भिकारडा पैसा चुलीत!” धाकटा फणकारला. “माझ्याकडून एक छदाम मिळणार नाही आता. आणि मशीन विसर.”

“विसरले.”

किल्ली मुठीत आवळून तो तरातरा निघून गेला. त्याच्या अत्तराचा वास मात्र बराच वेळ तिथंच रेंगाळला, उंबऱ्यावर सांडलेल्या रॉकेलसारखा.

पाकीट परत सरकवताना टायवाल्याच्या चेहऱ्यावरचं मार्दव उतरलं होतं. अठरा हजारांच्या बाईला तो बत्तीस इंचीकडे वळवू लागला. ताई त्रेचाळीसवाल्यापाशीच उभी राहिली.

“हा साडेएकवीसच आहे मॅडम. सीलबंद माल. एक रुपया कमी नाही.”

“खोका दाखवा.”

खोका आला. ताईनं त्यावरून हात फिरवला. वापरलेली चादर घडी घालून कुणी न वापरलेल्या ढिगात सरकवली तर ती नुसत्या बोटांनी ओळखायची. चिकटपट्टीच्या खाली आणखी एका चिकटपट्टीचा माग होता.

“दोनदा बंद केलाय हा. उघडा.”

टीव्ही बाहेर निघाला. ताई तिरकी वाकली, दिव्याचा उजेड पडद्यावर आडवा घेतला, आणि डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथं केसाएवढी एक रेघ होती. मागच्या बाजूला किमतीचं जुनं लेबल खरवडल्याचा चिकटा होता.

“भिंतीवर लटकवलेला पीस आहे. सहा महिने मासे दाखवलेत यावर, आणि सीलबंद म्हणून मला विकताय?”

शेजारी एक नवराबायको टीव्ही बघत होते, ते कान टवकारून जवळ सरकले.

“हळू बोला मॅडम. अठरात घेऊन जा. पण घरपोच नाही मिळणार.”

“गॅरंटीचा कागद शिक्क्यासकट द्या. आणि आजचीच तारीख घाला.”

दाराबाहेर येताच तिनं आधी रस्त्याकडेच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. मग टेम्पो पाहिला. भाडं तिचं स्वतःचं होतं, आठवड्याच्या दुधाचं. मागं खोका आडवा होऊ नये म्हणून ती त्याला धरून उभ्यानंच घरी आली.

टेम्पोवाला भला माणूस होता. त्यानं टीव्ही टेबलावर ठेवून तार जोडून दिली आणि चहाही न घेता गेला. बातम्या लागल्या. खाली पट्टी धावू लागली. उशीवरच्या दादाचा चांगला डोळा तिच्या मागं मागं डावीकडे जाऊ लागला. मग घशात घरघर झाली.

“धर...” दादा म्हणाला. “धर... ण.”

“हां. धरण. पुढं?”

“धरण... भरलं.”

दादाच्या अर्ध्या तोंडाला हसू आलं. त्यानं डावा हात दाराकडे केला. “धा... कटा?”

ताईनं चादरीची न पडलेली सुरकुती सारखी केली. “घाईत होता. त्यानंच निवडला हा. म्हणाला, दादाला मोठाच हवा.” खोटं इतकं गुळगुळीत बाहेर पडलं, की तिला तिची स्वतःचीच जीभ कडू लागली. त्या माणसाला एवढं चांगलं रूप आपण द्यावं?

“फोन,” दादा म्हणाला. “लाव.”

“राहू दे. उद्या बोल.”

“लाव.”

तिनं लावला. पाच-सहा वेळा वाजून उचलला गेला. “काय आहे?” धाकट्याचा आवाज. मागं ठोकाठोकी चालली होती. पंचावन्नच्या टीव्हीसाठी भिंतीत खिळे मारत असावेत.

“दादाला बोलायचंय,” एवढंच म्हणून ताईनं फोन दादाच्या कानाशी धरला.

दादानं श्वास गोळा केला. कपाळावर घामाचे थेंब आले. “छा... न,” तो म्हणाला. “छान... आहे. मोठा.” मग थांबला. ओठ जुळवले, सुटले, पुन्हा जुळवले. “दिसतं. मला... दिसतं. तू... ये.”

फोनमधून टुंग टुंग ऐकू येत होतं. पलीकडून फोन कधीच बंद झाला होता. ताईला कळलं. दादाला कळलं नव्हतं.

“जेव... लास का?” दादा विचारत होता. झटक्यानंतर इतकं लांबलचक तो पहिल्यांदाच बोलत होता. “गाडी... हळू... चालव.”

ताईचा हात भरून आला होता. तिनं कोपर दुसऱ्या हाताच्या आधारानं धरलं आणि फोन तसाच त्याच्या कानाशी ठेवून उभी राहिली.