मोनिकाच्या तिसरीला मी आणलं

मित्रांनो, मी जुनी स्कूटर आहे. भंगार म्हणाल तर ऐकून घेणार नाही. सेल्फ गेलाय, डावा आरसा नाही, चार-पाच किका खाल्ल्याशिवाय मी चालू होत नाही. सगळं कबूल. पण मी जे केलंय ते आबांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीला जमलं नाही. आधी ऐका, मग काय ते बोला.

मला आणलं तेव्हा मी लालभडक होते. चाकणच्या शोरूममध्ये हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवून मला त्याच्यावरून पुढं काढलं. आमचं गाव कुरुळीच्या पलीकडं. एका अंगाला कंपन्या, दुसऱ्या अंगाला उरलीसुरली शेतं, मधे कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. मला घेतलं आबांनी, म्हणजे हिंदुराव टेमगिऱ्यांनी, थोरल्या सुनेसाठी. तिचं नाव मोनिका. ग्रामपंचायतीला बाईची जागा निघाली, आबांनी तिला उभं केलं, ती निवडून आली.

आबांना वाटलेलं सून नुसत्या सह्या करील. कसलं काय! पहिल्याच आठवड्यात तिनं मला किक मारली आणि थेट कामगारांच्या खोल्यांकडं गेली. तिथं नळ नव्हता. बाया टँकरमागं कळश्या घेऊन पळायच्या. मोनिका दीड वर्ष माझ्यावरून अर्ज घेऊन फिरली. पोरगा जयदीप पुढं उभा, पोरगी अपेक्षा मागं चिकटलेली, डिकीत कागद. एकदा पाइपाचा तुकडासुद्धा माझ्यावर आडवा टाकून नेला, पाणीपुरवठ्याच्या साहेबाला दाखवायला की बघा कसला फुटका घातलाय. पाणी आलं त्या दिवशी खोल्यांतल्या बायांनी मोनिकाला हळदीकुंकू लावलं आणि माझ्या हेडलाइटलापण लावलं. शेजारी एवढ्या मोटारसायकली उभ्या होत्या. एकीला तरी लावलं का?

तोवर लोक तिला "नवनाथची बायको" म्हणायचे. त्या दिवसापासून "मोनिकाताई मेंबर" म्हणायला लागले. असं कुणी म्हटलं की ती ब्रेक मारायचीच. मला कळायचं ना.

मग मोनिकाला दिवस गेले. एक मुलगा, एक मुलगी होतेच. हे तिसरं. आणि नियम असा की तिसरं मूल झालं की मेंबरकी जाते.

घरातलं बोलणं माझ्याशेजारीच झालं, अंगणात. आबा माझ्या सीटवर हात टेकून उभे होते.

"मूल पायजे ना तुला? ठेव. पण मेंबरकीबी गेली न्हाई पायजे," आबा म्हणाले. "दवाखान्यात करिष्माचं नाव सांगायचं. आधारकार्डबी तिचंच द्यायचं. कागदावर पोर तिचं. एकाच घरात तर हाय, कुठं पळून चाललंय?"

करिष्मा म्हणजे धाकटी सून. लग्नाला चार वर्षं झालेली, अजून मूल नव्हतं. ती दारातच उभी होती. तिला कुणी विचारलंच नाही. तिनं हातातली परात खाली ठेवली आणि आत निघून गेली.

"आबा, गाव काय आंधळं हाय? पोट दिसंल की," मोनिका म्हणाली.

"दिसू दे. नानासाहेबाला कागद लागतोय, पोट न्हाई लागत." नानासाहेब म्हणजे विरोधी पार्टी.

"आणि आधारवर फोटो असतो."

"त्या फोटोत कुणीबी कुणासारखं दिसतंय."

झालं. मला राग आला तिचा. साहेबाच्या टेबलावर पाइप आपटणारी बाई, आणि इथं गप्प! पण तिला मेंबरकी सोडवत नव्हती, हेपण मला दिसत होतं.

तेव्हापासून करिष्माच्या नावाची फाइल माझ्या डिकीत राहायला लागली. तपासायचं मोनिकाला, सोनोग्राफी मोनिकाची, वर नाव करिष्मा टेमगिरे. सगळ्या गावाला पोट दिसत होतं, पण आबांच्या मते कागदावर नाही म्हणजे नाहीच. सातव्या महिन्यानंतर मोनिकानं मला चालवायचं बंद केलं. मी पत्र्याच्या शेडखाली धूळ खात पडले. कोंबड्या सीटवर बसायला लागल्या. सीट फाटली ती त्यांच्यामुळं, माझ्या वयामुळं नाही.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या भर दुपारी. आबा पांढरी गाडी घेऊन देहूरोडला लग्नाला गेलेले. नवनाथ कंपनीत, फोन लॉकरमध्ये. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर हायवेला अडकलीय म्हणाले. करिष्मानं कोंबडीला हाणलं आणि मला किक मारली. एक. दोन. मित्रांनो, खरं सांगते, तिसऱ्या किकेला चालू झाले मी. वर्षभरात पहिल्यांदा.

रस्त्यावर कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बस, हा लांब कंटेनर, सगळं ठप्प. करिष्माला गाडी धड येत नव्हती. मी तिला सावरत, खडीवरून, मातीवरून चालले.

"ताई, धरून बसा मला. घट्ट."

"धरलंय गं. तू पुढं बघ."

"फाइल डिकीत हाय. पण एक बोलू? मला तुमचं पोर नकोय नावावर."

"आत्ता बोलायचंय का तुला हे?"

"मग कधी? घरात मला कुणी विचारलं का? उद्या मला झालं तर त्याला दुसरं म्हणायचं का? माझं पहिलं माझं असू द्या, ताई. तुमचं तिसरं तुमचं."

कळ आली तशी मोनिकानं कपाळ करिष्माच्या पाठीवर दाबलं. शेजारच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, तर करिष्मा वळून अशी ओरडली त्याच्यावर, की त्यानं ट्रक मागं घेतला! ट्रॅफिक हवालदारानं मोजलं असतं तर दोघी भरल्या असत्या. मी तिघींना घेऊन निघाले होते.

दवाखान्याच्या गेटवर वॉचमन चाकाची खुर्ची आणि रजिस्टर घेऊन आला.

"बसा ताई, दमानं. पेशंटचं नाव काय लिवू?"

करिष्मानं माझी डिकी उघडली, फाइल काढली आणि नुसती हातात धरून उभी राहिली. मोनिका एका हातानं माझं हँडल धरून वाकलेली. श्वास लागलेला.

"लिहा," ती म्हणाली, "मोनिका नवनाथ टेमगिरे."

"फाइलवर तर करिष्मा हाय की वो."

"रिपोर्ट माझे आहेत, नाव तेवढं खोटं आहे. डॉक्टर मॅडमना मी सांगते. तुम्ही लिहा हो, नाहीतर इथंच होईल!"

लिहिलं त्यानं. पळत नेलं तिला आत.

तासाभरानं करिष्मा बाहेर आली, माझ्या फाटक्या सीटवर टेकली आणि आबांना फोन लावला. "मुलगी झाली, आबा. दोघी बऱ्या हायेत. आणि नाव ताईचंच लावलंय." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. पण करिष्मानं फोन कानापासून वीतभर लांब धरला होता.

सव्वा महिना आबा मोनिकाशी बोलले नाहीत. सव्वा महिना झाल्यावर ती राजीनामा घेऊन निघाली, माझ्यावरूनच. मागं करिष्मा, तिच्या मांडीवर बाळ. ग्रामपंचायतीसमोर बाकड्यावर आबा बसलेले, शेजारी नानासाहेब, चार टवाळ.

"काय आबा," नानासाहेब हसत म्हणाले, "कुणाची म्हणायची ही? थोरलीची का धाकटीची?"

मोनिकानं मला स्टँडवर लावलं. आबा उठले. मला वाटलं आता घरी जातील. ते सरळ करिष्माकडं आले, बाळाला उचललं आणि नानासाहेबांच्या तोंडापुढं नेलं.

"मोनिकाची हाय. तिसरी. नाक बघ की, डोळं फुटलं का तुझं? आन् खोल्यांवर नळ आणला तोबी हिच्या आईनंच. लिहून घे पायजे तर."

मग मोनिकाकडं न बघता म्हणाले, "जा आत. सही झोकात कर."

ती गेली. ताठ मानेनं गेली. मी उन्हात उभी होते, पण मला सावलीची गरजच वाटली नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीचं ऑइल बघत जा, कोंबड्या बसू देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याच्याआधी एक करा. मूल असो नाहीतर नळ असो, ज्या बाईनं आणलं तिचं नाव चारचौघांत मोठ्यानं घ्या. आबांना ते जमायला सव्वा महिना लागला. तुम्ही एवढा लावू नका.