बेचाळीस फेरे

"पायऱ्या आज दोन हात डावीकडे. ऐकलंत का दोघांनी?" प्रयोगाची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी खडूने रंगमंचाच्या फळ्यांवर फुली मारली.

"डावीकडे म्हणजे आमच्या की प्रेक्षकांच्या?" थोरल्या साडूने विचारले.

"खड्ड्याचं दार मोकळं राहील त्या बाजूला! ह्यांना आज बाहेर पडायचंय."

सामान हलवणारी ही जोडी नात्याने साडू होती, आणि नाटक मंडळीत त्यांना दुसरे नावच नव्हते. धाकट्याने मान डोलावली. "बाई, दोनशे अकरा प्रयोग झाले. आमचे पाय आता म्हशींसारखे आहेत. सोडले की बरोबर आपल्या गोठ्यात जातात."

"मग आज दावं धरा," बाई म्हणाल्या.

रहाटवाला बाजूला उभा होता. हातात कागदात गुंडाळलेला इस्त्रीचा सदरा. त्याला हसू आले, पण त्याने फुलीकडे पुन्हा एकदा नीट पाहिले. तिच्यापासून दारापर्यंतचे अंतर त्याने सकाळीच मोजून ठेवले होते.

नाटक संगीत होते. एका शहराच्या महापौराच्या उदयाचे. गटारात माणसे उतरवू नका म्हणून भांडणारा एक साधा कारकून आधी नगरसेवक होतो, मग महापौर. तो जसा मोठा होतो, तसा त्याच्या पायाखालचा चौथरा वर सरकतो. पहिल्या अंकात दोन फूट, शेवटच्या गाण्यात आणखी पाच. तिथून तो सज्जात पाऊल टाकतो आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात.

चौथरा आपोआप सरकत नसे. रंगमंचाखालच्या खड्ड्यात लोखंडी दांड्याचा एक रहाट होता. एका फेऱ्याला दोन इंच. पहिल्या अंकात बारा फेरे, शेवटी तीस. खड्डा चार फूट लांब, चार रुंद, पाच उंच, रहाटवाला साडेपाच. राहिलेले सहा इंच त्याने इतकी वर्षे मानेतून वजा केले होते. वरून बाई दिवा लावत. लाल म्हणजे तयार, हिरवा म्हणजे फिरव. खालून वर काही कळवायची सोय नव्हती. त्याने एक बटण मागितले होते. "पुढच्या दौऱ्याआधी नक्की," असे उत्तर त्याला तीन दौऱ्यांआधी मिळाले होते.

बाहेर पडायला गुडघ्याएवढे एकच दार. पहिले गाणे संपून अंधार झाला की त्या दाराला टेकून गायकांच्या पायऱ्या लागत आणि त्या पडदा पडेपर्यंत हलत नसत. थोडक्यात, महापौर वर जाई आणि रहाटवाला दोन तास आत राही. नाटक त्याने एकदाही पाहिले नव्हते. पाठ मात्र सगळे होते.

आज साडेचारला तंत्रशाळेत मुलाखत होती. कार्यशाळेत मदतनिसाची जागा. वयाची अट पंचेचाळीस. रहाटवाल्याला ते पूर्ण व्हायला चार महिने होते, आणि अशी जागा वर्षातून एकदा निघे. शाळा चालत अकरा मिनिटांवर. पहिले गाणे तीन पंचविसाला संपे, शेवटचे पाच वीसला सुरू होई. गणित बसत होते.

"कार्यशाळेला खिडक्या आहेत म्हणे, सात," सकाळी बायको इस्त्री फिरवत म्हणाली होती.

"तू कधी मोजल्यास?"

"भाजी आणायला जाताना. तुम्हीच तेवढे मोजता वाटतं?" मग सदरा कागदात गुंडाळताना तिचा आवाज उतरला. "आज तेवढे वर या हो. मान बघा कशी झालीय. नमस्कार न करता नमस्कार केल्यासारखी."

घंटा झाली. खड्ड्यात शिरण्याआधी महापौराचे काम करणाऱ्या नटाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊन या. पण शेवटच्या गाण्याला हजर पाहिजे हं! मला काय मतदार निवडून देतात? तुम्ही देता."

"येतो की. तुम्हाला लोंबकळत ठेवून जाईन कुठं?"

पहिले गाणे झाले. बारा फेरे. त्याने खिट्टी अडकवली, हात चिंधीला पुसले, वरचे दिवे विझायची वाट पाहिली आणि अंधारातच सदरा चढवला. बोटांनी चाचपत पाचही गुंड्या लावल्या. डोक्यावर पावले धावली. फळीवरून लाकूड घासत आले आणि धप्पकन टेकले.

त्याने दार ढकलले. ते बोटभर हलले आणि अडले.

पुन्हा ढकलले. मग खांद्याने. दाराच्या फटीतून पायरीचे लाकूड दिसत होते, आणि त्यावर चढून उभे राहणाऱ्या गायिकांच्या साड्यांचे काठ. अंधारात माणूस डोळ्यांनी चालत नाही, सवयीने चालतो. साडू फुली विसरले नसतील. फुली पाहायला उजेड नव्हता, एवढेच. पाय आपापल्या गोठ्यात गेले होते.

त्याने दारावर टकटक केली. वर समूहगीत सुरू झाले होते.

'कुणी न राहो खाली आता,
हात द्या रे, हात द्या.'

त्याने जोरात ठोकले. चार वेळा. ढोलवाल्याने तो ताल उचलला. त्याला वाटले असावे, आज गायक रंगात आलेत, पाय आपटतायत. प्रेक्षकांतून टाळ्या त्याच ठेक्यावर येऊ लागल्या. रहाटवाल्याने हात मागे घेतला.

ओरडता आले असते. फळी एक इंच जाडीची. त्याचा आवाज पहिल्या दहा रांगांना स्पष्ट ऐकू गेला असता. मग गाणे थांबले असते, दिवे लागले असते, सहाशे माणसांनी माना वळवल्या असत्या. साडूंनी पायऱ्या ओढल्या असत्या आणि तो वाकून बाहेर आला असता, इस्त्रीच्या सदऱ्यात. बायकोने ओरडायलाच सांगितले असते. त्याने श्वास भरून घेतला. तोंडही उघडले. वर बाईंच्या मुलीचा एकटीचा तुकडा सुरू झाला होता. तिचा आवाज अजून कच्चा होता, वरच्या स्वराला दरवेळी थरथरे. आज तो लागला. स्वच्छ, सरळ लागला.

त्याने तोंड मिटले.

चार वाजले. मग सव्वाचार. मनगटावरच्या घड्याळाचे हिरवे काटे तेवढे दिसत होते. साडेचारला तो रहाटाच्या दांड्याला टेकून बसला. शाळेच्या शिपायाने आता नाव पुकारले असेल. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पुकारतात की नाही, ते त्याला माहीत नव्हते. पावणेपाचला त्याने गुंड्या सोडल्या, सदरा घडी करून कागदात ठेवला आणि खिळ्याला अडकवला. वंगण लागले असते.

लाल दिवा. हिरवा.

तो फिरवू लागला. एक, दोन, तीन. वर महापौर शपथ गात होता. अठराव्या फेऱ्याला रहाटवाल्याचे हात थांबले.

त्याने थांबवले असे म्हणता येणार नाही. थांबले. आणखी बारा फेरे दिले नाहीत, तर सज्जा दोन फूट वरच राहणार होता. वरचा माणूस अधांतरी उभा राहील आणि सगळ्या सभागृहाला कळेल, की खाली कुणीतरी आहे. वाद्ये तीच ओळ पुन्हा वाजवू लागली. एक आवर्तन गेले.

मग डोक्यावरच्या फळीवर बुटाची टाच हळूच वाजली. दोनदा. नट विचारत होता, ठीक आहात ना?

दोनशे अकरा प्रयोगांत वरून खाली असे कुणी काही विचारले नव्हते. रहाटवाल्याने दांडा धरला. एकोणीस. वीस. तिसाव्या फेऱ्याला खिट्टी लागली आणि टाळ्यांनी फळ्यांमधली धूळ त्याच्या मानेवर पडली.

पडदा पडल्यावर पायऱ्या हलल्या. दार उघडले. बाई वाकून पाहत होत्या.

"अगं बाई! तुम्ही गेला नव्हतात? मला वाटलं, जाऊन आलात."

"पायऱ्या लागल्या होत्या."

थोरला साडू फुलीकडे पाहत राहिला. धाकट्याने कपाळावर हात मारला. "ओरडायचं तरी ना हो!"

"गाणं चालू होतं," रहाटवाला म्हणाला.

नट सज्जातून जिन्याने उतरून आला होता. त्याने खोटी दाढी काढली आणि हातातच धरून ठेवली. बाई म्हणाल्या, "मी उद्या शाळेत येते तुमच्याबरोबर. सांगते त्यांना."

"या," तो म्हणाला. निवडीची यादी आज संध्याकाळीच लागणार होती, हे त्याने सांगितले नाही.

त्याने साबणाने दोनदा हात धुतले, सदरा घातला आणि मागच्या दाराऐवजी सभागृहातून निघाला. खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेपाशी तो थबकला, मधल्या खुर्चीत बसला. इथून असे दिसत होते तर. सज्जा, रंगवलेले शहर, आणि मधोमध सात फुटांवर तो चौथरा.

चौथरा वरच होता. उतरवायचा राहिला होता, आणि उद्या तीनला प्रयोग होता.

त्याने सदरा काढला, चुरगळू नये म्हणून खुर्चीच्या पाठीला नीट चढवला, दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर सोडल्या आणि गुंड्या लावल्या. मग तो वाकून खड्ड्यात शिरला. पहिल्या रांगेसमोर चौथरा हळूहळू खाली येऊ लागला. एका फेऱ्याला दोन इंच.